नामदेवांचं गाव कोणत्या रकान्यात?

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारण एका ओळीत दिलं होतं : 'जन्मगाव व मूळ गाव यांच्या माहितीत विसंगती.' पोरगी नरसी नामदेवची. जन्म तिथला, शाळा तिथली, आजोबा-पणजोबा तिथलेच. विसंगती यायची तर निदान दोन गावं तरी हवीत.

सेवा केंद्रात जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. जन्मगावाच्या रकान्यात हिंगोली जिल्हा, हिंगोली तालुका निवडला की यादीत 'नरसी नामदेव' येत होतं. मूळ गावाच्या रकान्यात तोच जिल्हा आणि तोच तालुका निवडला की नुसतं 'नरसी' येत होतं. दोन रकान्यांमागे दोन याद्या होत्या. वेगळ्या वेळी आणि बहुधा वेगळ्या माणसांनी भरलेल्या. संगणकानं दोन्ही नावं शेजारी ठेवली, अक्षरं जुळली नाहीत, अर्ज परत. केंद्र चालवणारा मुलगा म्हणाला, "सर, आमच्या हातात काय नाही. यादीत जे येतंय तेच निवडावं लागतं." मदतवाहिनीवरच्या बाईंनी दोन्हीकडे सारखंच नाव निवडायला सुचवलं. निवडलं असतं की; पण दुसऱ्या यादीत ते नव्हतंच.

पुतणी मला म्हणाली, "काका, मग मी नेमकी कुठली म्हणून लिहू?"

मी पोटासाठी डेटाबेसची टेबलं आखतो. तिच्या प्रश्नानं मी ओशाळलो, कारण ही चूक तिची नव्हती, केंद्रातल्या मुलाचीही नव्हती. ती माझ्या धंद्यातल्या कुणा माणसाची होती. अशा चुका आम्ही रोज करतो, त्यांना 'तांत्रिक अडचण' असं गोंडस नाव देतो, आणि त्यांची किंमत हिंगोलीच्या फेऱ्या मारून लोक चुकवतात. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : गावांची यादी एकच असली पाहिजे, आणि अर्जात गावाचे जितके रकाने असतील तितक्या सगळ्यांनी त्याच एका यादीकडे बोट दाखवलं पाहिजे.

ऐकायला हे इतकं उघड वाटतं की यावर भांडायचं काय, असा प्रश्न पडावा. पण भांडावं लागतं.

*

लुकअप टेबल हा शब्द ऐकून बिचकू नका. अर्जात 'गाव' असा रकाना असेल तर त्यात गावाचं नाव साठवायचं नसतं, क्रमांक साठवायचा असतो. नाव, तालुका वगैरे तपशील दुसऱ्या एका टेबलात एकदाच लिहून ठेवायचे आणि रकान्यातल्या क्रमांकानं तिकडे न्यायचं. हे दुसरं टेबल म्हणजे लुकअप टेबल. आपण त्याला गावयादी म्हणू. माणसाच्या नोंदीत गाव एकदाच येत असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. गाव दुसऱ्यांदा आलं की गडबड सुरू होते.

आमच्या गावाच्या नावात जे नामदेव आहेत त्यांचीच नोंद भरून पाहू. परंपरेनं जन्मसाल १२७० मानतात. जन्मगाव : नरसी. वास्तव्य : पंढरपूर. गुरूची भेट : औंढा नागनाथ, कारण विसोबा खेचर तिथं भेटले अशी परंपरा आहे. उत्तरायुष्यातली कर्मभूमी : पंजाबातलं घुमान. समाधी : पंढरपूर, महाद्वाराची पायरी. पाच रकाने झाले आणि गावं चार. पंढरपूर दोनदा आलं. या पाचही रकान्यांत जे भरायचं ते एकाच जातकुळीचं आहे, म्हणजे गाव. वेगळी आहे ती फक्त भूमिका. कुठं ते जन्माचं गाव आहे, कुठं राहण्याचं, कुठं समाधीचं.

आळशी आखणी करणारा माणूस इथं पाच याद्या बनवतो : जन्मगावांची, वास्तव्याच्या गावांची, समाधिस्थळांची. मग समाधीच्या यादीतलं पंढरपूर आणि वास्तव्याच्या यादीतलं पंढरपूर यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. पंढरपुराशी नातं असलेले संत किती, असं विचारलं तर संगणकाला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या लेखी पंढरपूर नावाची पाच गावं आहेत. माझ्या पुतणीच्या अर्जात नेमकं हेच झालं.

हा प्रश्न नवा नाही. आज जगभरचे बँकांचे, रेल्वेचे, सरकारांचे व्यवहार ज्या प्रकारच्या डेटाबेसवर चालतात त्याची मांडणी एडगर कॉड या गणितज्ञानं १९७० साली एका निबंधात केली. त्या पहिल्या निबंधातच हा पेच आहे. त्यानं यंत्राच्या भागांचं उदाहरण घेतलं. एक भाग दुसऱ्या भागाचा घटक असतो. म्हणजे एकाच टेबलात 'भाग' दोनदा आला. कॉडचा उपाय सरळ होता : भागांचा संच एकच ठेवा आणि प्रत्येक रकान्याला त्याची भूमिका सांगणारं नाव द्या. भागांचे दोन संच करा, असं तो कुठं म्हणत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि आम्ही अजून गावांचे दोन संच करतोय.

*

कॉडपर्यंत जायचीही गरज नाही. तलाठ्याच्या दप्तरात हे कधीपासून आहे.

सातबारा उतारा काढा. भोगवटादाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. वडील गेले, वारस लागले, त्या फेरफाराचा तो क्रमांक. शेजारच्या 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवलेला असतो. त्याच्याजवळही फेरफार क्रमांक असतो. मालकीचा रकाना वेगळा आणि बोज्याचा वेगळा, पण दोन्ही क्रमांक तुम्हाला एकाच वहीकडे नेतात : गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. मालकीच्या फेरफारांची एक वही आणि बोज्याच्या फेरफारांची दुसरी वही, अशी पद्धत नाही. तशी असती तर क्रमांक ४१२ म्हणजे कुठल्या वहीतला ४१२, यावर दर आठवड्याला भावाभावांत डोकी फुटली असती.

कुणी हरकत घेतली, तर? तर वादाची नोंद गाव नमुना सहा-अ मध्ये जाते, मूळ फेरफाराचा संदर्भ देऊन. वाद आहे म्हणून समांतर फेरफार वही निघत नाही. ज्यांनी हे नमुने आखले त्यांना संगणक माहीत नव्हता. पण एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी सगळीकडून तिकडे बोट दाखवायचं, ही शिस्त त्यांना पक्की माहीत होती. आपण कागदाचं 'डिजिटायझेशन' केलं तेव्हा कागद उचलला आणि शिस्त तिथंच सोडून आलो.

*

आता आमच्या धंद्यातल्या वाईट सवयी एकेक घेतो.

पहिली सवय म्हणजे नाव हातानं टंकू देणं. रकाना मोकळा सोडला की नरसी, नर्सी, नरसी (ना.), नरसी नामदेव, नर्सी-बामणी अशी एकाच गावाची पाच गावं होतात. उलट दिशेनंही घोळ होतो. नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, हैदराबादच्या रस्त्यावर आणखी एक नरसी आहे. नुसतं 'नरसी' लिहिलं तर दोन गावांचं एक गाव होतं. मोकळ्या रकान्याचं समर्थन करणारे म्हणतात की लोकांना स्वातंत्र्य मिळतं. हे स्वातंत्र्य नंतर लिपिकाच्या मर्जीवर उतरतं. 'नर्सी' आणि 'नरसी' एकच आहे हे मान्य करायचं की नाही, ते तो ठरवतो.

दुसरी सवय प्रत्येक रकान्यासाठी यादीची नक्कल काढण्याची. तिच्याबद्दल वर बोललो. पहिल्या दिवशी सगळ्या नकला सारख्या असतात, म्हणून ती सवय निरुपद्रवी वाटते. मग एका यादीत कुणी दुरुस्ती करतं आणि दुसरीत करायची राहते. नकला एकमेकींपासून दूर जायला कुणाचा दुष्टपणा लागत नाही. एक विसरलेली दुपार पुरते.

तिसरी सवय स्वतःला हुशार समजणाऱ्यांची. ते म्हणतात, इतक्या याद्या कशाला? गावं, जाती, रक्तगट, बँका, सगळं एकाच मोठ्या टेबलात घाला आणि शेजारी 'प्रकार' असा एक रकाना ठेवा. यादी एकच हवी या माझ्या म्हणण्याचंच हे टोक आहे, असं वाटेल. पण ते त्याच्या उलट आहे. अशा टेबलाला जोडलेल्या जन्मगावाच्या रकान्यात 'बी पॉझिटिव्ह' भरलं तरी डेटाबेस हूं की चूं करत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तो यादीतलाच एक वैध क्रमांक असतो. एका जातीच्या गोष्टींची एक यादी हवी. सगळ्या जगाची एक यादी म्हणजे यादी नसल्यातच जमा.

आता सॉफ्टवेअरबद्दल. आखणीची साधनं या बाबतीत अगदी निर्दोष नाहीत. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या आराखड्यात तेच टेबल दुसऱ्यांदा आणलं की त्याच्या नावापुढे '_1' लागतं. नवशिक्याला वाटतं, ही नक्कल झाली. ती नक्कल नसते. एकाच टेबलाचं ते दुसरं नाव असतं, घरात बंडू आणि शाळेत दत्तात्रय असावं तसं. पण ते '_1' पाहून किती जण घाबरून वेगळं टेबल बनवतात, ते मी पाहिलं आहे. पॉवर बीआय दोन टेबलांमध्ये एका वेळी एकच नातं 'सक्रिय' ठेवू देतं; बाकीची नाती तुटक रेषेनं दाखवली जातात आणि सूत्रातून मुद्दाम हाक मारल्याशिवाय जागी होत नाहीत. म्हणजे गावयादीशी जन्मगाव जोडलं तर ते ठळक रेषेवर, आणि वास्तव्याचं गाव तुटक रेषेवर. जे साधन माणसाला एकाच ठळक गावाची मुभा देतं, त्याच्यावर शिकलेल्या मुलांना माणसाला एकच गाव असतं असं वाटू लागलं, तर नवल नाही.

इथं एक कबुली देतो. अहवाल बनवताना, तक्ते काढताना, प्रत्येक भूमिकेसाठी यादीची वेगळी प्रत घेणं पुष्कळदा सोयीचं असतं आणि जाणकारही तसं सुचवतात. त्याला माझी हरकत नाही, कारण ती प्रत मूळ यादीतून दर वेळी ताजी काढलेली असते आणि तिच्यात कुणी स्वतंत्र दुरुस्ती करत नाही. सातबाऱ्याच्या झेरॉक्स कितीही काढा. फक्त झेरॉक्सवर पेनानं नवा वारस लावू नका.

*

"एवढं काय त्यात? चुकलं तर दुरुस्त करता येतं," असं म्हणणाऱ्यांनी जातीच्या दाखल्याचा अर्ज एकदा नीट वाचावा.

महाराष्ट्रात हा दाखला तुम्ही आज कुठं राहता एवढ्यावर ठरत नाही. एका ठरावीक दिनांकाला तुमचं किंवा तुमच्या पूर्वजाचं कायमचं वास्तव्य कुठं होतं, हे दाखवावं लागतं. त्याला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे एकाच अर्जात किमान तीन गावं आली : अर्जदाराचं जन्मगाव, आजचं गाव आणि मानीव दिनांकाचं पूर्वजाचं गाव. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या आईचं मूल कऱ्हाडच्या बाजूला फडावर जन्मलं, तर पहिलं गाव सातारा जिल्ह्यातलं, दुसरं हिंगोलीतलं आणि तिसरं आजोबांच्या वाडीचं. तिन्ही खरी. कुणी काही लपवलेलं नाही. फक्त अर्जाचा आराखडा असा हवा की तीन वेगळी गावं ही तीन भूमिकांची गावं आहेत हे त्याला कळावं, आणि तीनदा आलेलं एकच गाव हे एकच आहे हेही कळावं.

आता यात इतिहास मिसळा. १० ऑगस्ट १९५० रोजी नरसी हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. १९५६ साली मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, तेव्हा नरसी हिंगोलीचं झालं. गाव जागचं हललं नाही, कयाधूच्या काठी होतं तिथंच आहे. पण माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आणि पुतणीच्या दाखल्यावर जिल्हा हिंगोली. जिल्ह्यालाही एक क्रमांक टिकत नाही. २००१च्या जनगणनेत हिंगोलीचा क्रमांक १६ होता, २०११च्या जनगणनेत ५१२ झाला.

इथं माझे व्यवसायबंधू जिंकल्यासारखे हसतात. "बघा, म्हणूनच याद्या वेगळ्या लागतात. जन्मगावाच्या यादीत जुना जिल्हा, पत्त्याच्या यादीत नवा." मला हा युक्तिवाद क्षुल्लक वाटत नाही. एकच यादी ठेवली आणि तिच्यात नरसीपुढे 'जिल्हा हिंगोली' एवढंच लिहिलं, तर १९७५ साली जन्मलेल्या माणसाचा जुना दाखला त्या यादीशी जुळणार नाही आणि पुन्हा विसंगतीचा शिक्का बसेल.

पण उत्तर यादीची नक्कल हे नाही. उत्तर असं की गाव आणि गाव कोणत्या जिल्ह्यात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाचा क्रमांक कायम ठेवा. ते गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होतं, याचं शेजारी एक छोटं टेबल ठेवा. नरसीसाठी त्यात दोन ओळी होतील : ३० एप्रिल १९९९पर्यंत परभणी, १ मे १९९९पासून हिंगोली. जन्मगावाच्या रकान्यासोबत जन्मतारीख आहेच, मानीव दिनांकाच्या गावासोबत तो दिनांक आहेच. तारीख लावा, त्या दिवशीचा जिल्हा मिळेल. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अशा आखणीत प्रत्येक नामांतराला एकेक ओळ लागते. नकलांच्या जंगलात प्रत्येक नामांतराला किती ठिकाणी हात लावावा लागतो, ते त्या जिल्ह्यांतल्या सेवा केंद्रवाल्यांना विचारा.

आणि गावांना क्रमांक कुणी द्यायचे, असाही प्रश्न उरलेला नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' आहे. तिच्यात गावागावाला क्रमांक दिलेला आहे. यादी आयती आहे. तिला प्रत्येक रकाना जोडायचा, एवढंच काम आहे.

*

नामदेवांच्या नोंदीकडे परत जातो, कारण तिच्यात एक अडचण मी अजून सांगितलेली नाही.

नामदेवांच्या जन्मगावाबद्दल एकमत नाही. आम्ही नरसीकर आमचं गाव सांगतो. काही अभ्यासक परंपरेतली नरसी-बामणी कऱ्हाडकडे शोधतात, काही त्यांचा जन्म पंढरपूरचाच मानतात. समाधीचंही तसंच. आपण पायरी दाखवतो, घुमानचे लोक त्यांच्याकडचं स्थान दाखवतात. गुरू ग्रंथसाहिबात ज्यांची ६१ पदं आहेत त्या नामदेवांवर पंजाबचाही हक्क आहे. एप्रिल २०१५मध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते या नात्यामुळेच.

मग जन्मगावाच्या एका रकान्यात काय भरणार? इथं एकाच यादीला अनेक रकाने जोडण्याची पद्धत अपुरी पडते, हे मान्य करतो. किती गावं येतील ते आधी ठाऊक नसेल, तर 'जन्मगाव १', 'जन्मगाव २' असे रकाने वाढवत जाणं मूर्खपणाचं आहे. तिथं मधलं एक टेबल लागतं : कोण माणूस, कोणतं गाव, कोणत्या नात्यानं, कुणाच्या म्हणण्यानुसार. नामदेव, नरसी, जन्म, एक परंपरा. नामदेव, पंढरपूर, जन्म, दुसरी परंपरा. तलाठ्याच्या सहा-अ सारखंच हे. दावे कितीही असोत, गावयादी मात्र एकच राहते. किंबहुना ती एकच आहे म्हणूनच दावे समोरासमोर ठेवता येतात. प्रत्येक दावेदारानं स्वतःची यादी आणली तर वादही घालता येणार नाही, कारण ते एकाच गावाबद्दल बोलताहेत की नाही हेच कळणार नाही.

माझा राग या गोष्टीवर आहे. नकला काढणाऱ्याला खर्च लागत नाही असं नव्हे. तो खर्च त्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकंच. तो माझ्या पुतणीच्या वहीत दिसतो : दोनदा बसभाडं, एक प्रतिज्ञापत्र, आणि 'नरसी' व 'नरसी नामदेव' ही दोन्ही एकाच गावाची नावं आहेत असा ग्रामपंचायतीचा दाखला. गावानं स्वतःबद्दलच दाखला द्यायचा की आम्ही आम्हीच आहोत. आराखडा बनवणाऱ्याची एक विसरलेली दुपार तिथं एका मुलीच्या तीन आठवड्यांची झाली.

म्हणून माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगणं आहे. पुढच्या अर्जाचा आराखडा घेऊन बसाल तेव्हा 'गाव' या रकान्यावर थांबा आणि विचारा, हे कोणत्या नात्याचं गाव? जन्माचं, राहण्याचं, शाळेचं, आजोबांचं? जितकी नाती तितके रकाने ठेवा, प्रत्येकाला नात्याचं नाव द्या, आणि प्रत्येकाची रेष ओढून त्याच एका गावयादीला नेऊन लावा. पडद्यावर रेषांचा गुंता दिसेल. दिसू द्या. माणसाचं गावांशी असलेलं नातं तेवढंच गुंत्याचं असतं.

पुतणीचा अर्ज शेवटी मंजूर झाला. पोर्टलवर आता तिच्या नावापुढे जन्मगाव 'नरसी नामदेव' आणि मूळ गाव 'नरसी' असं दिसतं. दुरुस्ती म्हणून त्यांनी शेजारी एक शेरा टाकला आहे : 'कागदपत्रे तपासली, दोन्ही गावे ग्राह्य.'